ताईचं मत

माझ्या बहिणीला मत नाही. निवडणुकीतलं आहे, ते ती वेळेवर जाऊन देते आणि कोणाला दिलं हे नवऱ्यालासुद्धा सांगत नाही. मी म्हणतोय ते साधं, घरगुती मत. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं विचारलं तर ती म्हणते, "काहींना कमी वाटू शकतं." अशा बाईबरोबर मी लहानाचा मोठा झालो, आणि तरी लोक मला विचारतात, तुमचं डोकं इतक्या पटकन का फिरतं?

ताई सरकारी रेडिओवर सकाळचा चर्चेचा कार्यक्रम करते. 'आजचा प्रश्न' असं त्याचं नाव. रस्तारुंदी असो, पाणीपट्टी असो की शाळांच्या वेळा. एक तज्ज्ञ या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि मधे आमची ताई. तज्ज्ञ एकमेकांना सभ्य शब्दांत वेड्यात काढतात, अधूनमधून श्रोत्यांचे फोन येतात, आणि शेवटी ताई तिच्या त्या मऊ आवाजात सांगते, "प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपण ऐकल्या. विचार आता आपण करायचा आहे." माझं चष्म्याचं दुकान आहे आणि तिथे रेडिओ चालू असतो. ते वाक्य आलं की मी रेडिओला कोपरापासून हात जोडतो. गिऱ्हाइकांना वाटतं, माझी प्रार्थना चालली आहे.

तिचा नवा चष्मा द्यायला मी एकदा केंद्रावर गेलो होतो. काचेपलीकडे ती बसली होती, कानांवर हेडफोन. पाणी कागदी कपात, कारण पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज माइकमध्ये जातो. एक तज्ज्ञ खुर्चीत सारखा चुळबुळ करत होता आणि खुर्ची कुरकुरत होती. ताईने बोलता बोलताच हात लांब करून त्याच्या खांद्यावर ठेवला. तो गप्प बसला. समोरचा फार लांबण लावायला लागला तेव्हा तिने नुसतं बोट हवेत गोल फिरवलं, म्हणजे आवरा. मोठे मोठे लोक त्या बोटासमोर आवरतात. घरी जेवताना माझ्या बायकोलाही तिने एकदा तसंच बोट फिरवून दाखवलं होतं. पुढचे दोन महिने नणंद-भावजयीत फक्त कामापुरतं बोलणं होतं.

पण खोटं कशाला बोलू, तिचं काम सोपं नाही. एका बाजूचे लोक म्हणतात ती पलीकडच्यांची, दुसऱ्या बाजूचेही म्हणतात ती पलीकडच्यांची, आणि तरी दोघंही तिने बोलावलं की येतात. ताकाला तूर लागू द्यायची नाही, हीच तिची कमाई. ती म्हणते, "रेडिओ लावल्यावर मी कोणाच्या बाजूची आहे हे कळलं, तर त्या दिवशी मी घरी बसावं."

आता आईचं ऐका. आईने उभं आयुष्य तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतण्याच्या टेबलावर काढलं. खडूने रेघ ओढायची आणि कात्री चालवायची. हिच्या पोटी ताई कशी जन्मली, हा खरा आजचा प्रश्न. निवृत्तीनंतर आई रोज खिडकीतल्या खुर्चीत बसून ताईचा कार्यक्रम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायची. पाणीपट्टीत तिला काडीचा रस नव्हता, पण ऐकायची.

त्या वर्षी आईला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग घरातल्या घरात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे खाली जाणं बंद झालं. हृदयातली एक झडप अरुंद झाली होती. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून टाकू, झडप बदलली की त्या पुन्हा जिने चढतील. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, या वयात टेबलावरून उठल्याच नाहीत तर? त्यापेक्षा गोळ्या चालू ठेवू, वर्ष-दोन वर्षं शांतपणे जातील. उशीर केला तर ऑपरेशनही करता येणार नव्हतं. शुक्रवारपर्यंत काय ते कळवा, असं सर्जननी सांगितलं.

"ताई म्हणेल तसं," आई म्हणाली.

मला राग आला. मी सोमवारी 'करून टाकू' म्हटलं होतं आणि मंगळवारी 'नको' म्हटलं होतं, म्हणजे माझी तर दोन मतं तयार होती. पण माझ्या मतांना घरात भाव नाही, कारण ती फार असतात.

ताईने काय करावं? दोन्ही डॉक्टर तिच्या कार्यक्रमात येऊन गेलेले, ओळखीचे. तिने दोघांना बुधवारी संध्याकाळी घरीच बोलावलं. मी दुकान बंद करून पोचलो तर आईच्या पलंगासमोर तीन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर सर्जन, एकीवर नेहमीचे डॉक्टर, मधे ताई. पाणी कागदी कपात! मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, मला काही विचारू नका.

चर्चा उत्तम झाली. सर्जन बोलले, मग दुसरे बोलले, ताईने दोघांना सारखी वेळ दिली. सर्जन तर इतके रंगात आले की आईकडे हात करून म्हणाले, "श्रोत्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी." श्रोते म्हणजे माझी आई. उशांना टेकून, शाल पांघरून, एका श्वासाला दुसरा श्वास जोडत बसलेली. हसावं की कोणाच्या तरी अंगावर धावून जावं, कळेना.

शेवटी ताई म्हणाली, "म्हणजे दोन्ही बाजू आपल्यासमोर..."

"फोन घेणार ना?" आईने विचारलं.

"कसला फोन?"

"श्रोत्यांचा. माझा एक प्रश्न आहे."

डॉक्टर हसले. ताईपण हसली. आई हसली नाही.

"तुला काय वाटतं गं?"

"आई, मी यातली तज्ज्ञ नाही. माझ्या मताला..."

"तज्ज्ञांचं ऐकलं मी. तू माझी मुलगी आहेस. तुला काय वाटतं?"

ताईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग तिने सर्जनकडे पाहिलं, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे, जणू त्यांच्यापैकी कोणी तरी तिचं मत सांगणार होतं. आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. डॉक्टर चहा न घेताच निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने रेडिओ लावला नाही. बायको लावायला गेली तर म्हणाली, "राहू दे. कळलंय मला शेवटी काय सांगणार आहे ती." ही बातमी मी ताईला फोन करून मुद्दाम सांगितली. दुखवायलाच सांगितली. ती नुसतं "बरं" म्हणाली.

पण तिची काय घालमेल चालली होती, ते भाऊजींकडून कळत होतं. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. ओट्यावर दूध उतू गेलं, ही समोर उभी. कुठलीच बाजू तिला धरता येत नव्हती. ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना फोन करून झाले. अर्धे म्हणाले करा, अर्धे म्हणाले नको. हिने आयुष्यभर असेच समसमान लोक गोळा केले होते, त्यांनी दुसरं काय सांगावं? मीही दुकानात धड बसू शकत नव्हतो. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा देऊन बसलो, आणि तो बिचारा दारातल्या पायरीला अडखळून परत आला.

शुक्रवारी सकाळी विषय होता शहरातली जुनी झाडं. एक तज्ज्ञ म्हणत होते, पोखरलेली झाडं तोडा, कधी कोणाच्या डोक्यावर पडतील सांगता येत नाही. दुसरे म्हणत होते, आहेत तोवर असू द्या, टेकू द्या, सावली तर देतात. ताई मधेच म्हणाली, "मला वाटतं..."

आणि गप्प झाली.

रेडिओवरची शांतता तुम्ही कधी ऐकली आहे का? मला वाटलं वीज गेली. दुकानातला दिवा तर चालू होता. गिऱ्हाईकही वळून रेडिओकडे बघायला लागलं. शेवटी दोघांपैकी एका तज्ज्ञानेच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढचा कार्यक्रम ताईने पार पाडला, पण शेवटचं ते वाक्य ती बोलली नाही. 'नमस्कार' म्हणाली आणि संपवलं. मी कुलूप लावलं आणि घराकडे पळालो.

ती माझ्या आधी पोचली होती. धापा टाकत, चपला न काढता, आईच्या पलंगाशी उभी.

"करू नकोस," ती म्हणाली. "ऑपरेशन करू नकोस."

"का?"

"टक्केवारी बघितली तर..."

"टक्केवारी नको."

"मला भीती वाटते!" ताई ओरडली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तू आत जाशील आणि बाहेर येणार नाहीस. मला तू हवी आहेस. इथे, या पलंगावर, दम लागलेली का होईना. दोन वर्षं तर दोन वर्षं. हे माझं मत आहे."

आईने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. आईच्या तोंडावर असं समाधान होतं, की मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"बरं वाटलं ऐकून," आई म्हणाली. "मी ऑपरेशन करून घेणार आहे."

"काय?"

"सर्जनना फोन कर, धाकट्या."

"अगं, मग मला विचारलंस कशाला?" ताई पुन्हा उभी राहिली. "'ताई म्हणेल तसं' असं तूच म्हणालीस ना?"

"म्हटलं खरं. त्याशिवाय तू बोलली असतीस का? मला तुझं मत हवं होतं. शरीर माझं आहे. दोन वर्षं या खिडकीत बसून पाणीपट्टी ऐकू का? मला खाली जायचंय. रस्त्यावर चालायचंय. नाही उठले, तर नाही उठले."

मग जे भांडण झालं, त्याला तोड नाही. ताईने एकच बाजू धरली आणि सोडली नाही. दोन्हीकडचं बघणं गेलं, मऊ आवाज गेला, सारखी वेळ गेली. आईला एक वाक्य पुरं करू देईना. रडली, हट्टी म्हणाली, स्वार्थी म्हणाली, मी येणारच नाही हॉस्पिटलात म्हणाली. मी आयुष्यात पहिल्यांदा मधे पडून म्हटलं, "जरा आईचंही ऐकून घे." ताई माझ्यावर खेकसली, "तू गप्प बस!" आई दम लागून खोकत होती आणि मधेच हसत होती.

ऑपरेशनच्या दिवशी ताई आमच्या आधी हॉस्पिटलात हजर. कार्यक्रम दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगितला होता. आईला नेताना ती स्ट्रेचरच्या कडेला धरून चालत होती.

"अजून तेच म्हणणं आहे का तुझं?" आईने विचारलं.

"तेच आहे. तू चूक करते आहेस."

"बरं," आई म्हणाली आणि दार बंद झालं.

त्यानंतर आम्ही त्या लांबलचक बोळातून नुसत्या फेऱ्या मारल्या. बाकावर बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठे जावं कळायचं नाही. भाऊजींनी चहा आणला, तो गार झाला. मी ताईला म्हटलं, "काही होणार नाही." ती म्हणाली, "तुला काय माहीत?" मला काहीच माहीत नव्हतं. पाय दुखायला लागले तरी ती चालत होती. एकदा थांबली आणि माझी बाही धरून म्हणाली, "माझं खरं ठरलं तर मी काय करू रे?"

माझ्याकडे त्यावर एकही मत नव्हतं.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, नीट झालं. आईला शुद्ध यायला दुसरा दिवस उजाडला. आम्हाला आत सोडलं तेव्हा ती नळ्यांमध्ये पडली होती, डोळे अर्धवट उघडे. छाती वर-खाली होत होती, पण त्यात ती धाप नव्हती. ताईने थोडा वेळ तिचा श्वास बघितला. मग ती एकदम वाकली आणि आईच्या कानाशी म्हणाली, "मी चुकले, आई."

ज्याने कधी काही म्हटलंच नाही, तो चुकणार कुठून? तिच्या तोंडून हे वाक्य मी याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि चुकल्याचा इतका आनंद झालेला माणूसही पाहिला नव्हता.

नर्सने ओठांवर बोट ठेवलं. ताईचं लक्ष नव्हतं.

"ऐकतेस ना? साफ चुकले मी," ती भर वॉर्डात मोठ्याने म्हणाली.