मामांनी कसलेले नट

ताण माणसाला घडवतो, असं निरोपसमारंभात हमखास ऐकायला मिळतं. माझी त्यानं फक्त डावी नडगी घडवली, तीही सोलापुरातल्या एका हाडांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अपघातानंतर नडगीच्या हाडात इन्फेक्शन झालं होतं. खराब भाग काढला आणि पाय आखूड झाला. डॉक्टर म्हणाले, "डिस्ट्रॅक्शन ऑस्टिओजेनेसिस करू." म्हणजे हाड चांगल्या जागी मुद्दाम कापायचं आणि दोन्ही टोकं रोज किंचित दूर सरकवायची. त्या ताणानं पेशी कामाला लागतात आणि फटीत नवं हाड भरतं. स्नायू, कातडी, रक्तवाहिन्याही मागोमाग वाढतात. जमलं नाही तर जन्मभर लंगडायचं. मी शाळेत शिकवतो. मुलांनी नक्कल किती चोख केली असती, हे मला ठाऊक होतं.

पायाभोवती कड्या बसल्या, त्यांना जोडणारे दांडे, दांड्यांवर नट. ते रोज थोडे पुढे फिरवायचं काम माझं. फिरवले की पाय चांगलाच ठणकायचा. दुपारच्या झोपेनंतर मात्र आराम पडायचा. श्रेय मी गोळ्यांना देत होतो.

पुढच्या एक्स-रेत फट वाढलेलीच नव्हती. नट खरंच फिरवता का, असं डॉक्टरांनी मला विचारलं, गृहपाठ न केलेल्या मुलाला विचारावं तसं. सोबत बायकोचे मामा होते. त्यांचं आयुष्य यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलेलं.

"जावईबापू रोज ढिले करून ठेवतात की," मामा म्हणाले. "मी दुपारी येतो तेव्हा झोपलेले असतात. उठवत नाही. गपचूप उलटे फिरवून कसून जातो."

डॉक्टरांनी एक्स-रे टेबलावर ठेवला. "मामा, या हाडाला आराम मिळाला की ते वाढायचं थांबतं. त्याला ओढतच राहायचंय."

"मग आधी सांगायचं की."

त्यानंतर मामा यायचे ते हात पाठीमागे बांधून. पाय दिवसभर ठणकू लागला आणि पुढच्या एक्स-रेत फटीत ढगासारखं काहीतरी दिसलं. ते माझं नवं हाड होतं. इतका सुंदर ढग मी सोलापूरच्या आकाशात पाहिलेला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर ठणक्याला फार भिऊ नका. अचानक बरं वाटू लागलं तर मात्र डॉक्टरांना सांगा.

काही महिन्यांनी कड्या निघाल्या, हाड पक्कं झालं. डॉक्टरांनी टेप लावला. दोन्ही पाय सारखे. मी अनवाणी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत सरळ चालत गेलो. मामांनी डोळे पुसले, नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या.

घरी मात्र लंगडतच गेलो. आखूड पायासाठी करून घेतलेल्या जाड तळाच्या बुटाशिवाय दुसरा बूट आणलाच नव्हता.