आधीच पूर्ण झालेली ट्रायथलॉन

नेरूळच्या आमच्या सोसायटीत माणसाने काही करायच्या आतच त्याचं अभिनंदन उरकून टाकतात. मी ट्रायथलॉनला नाव घातलंय हे कळलं आणि स्पर्धेच्या तीन दिवस आधी गेटवर माझा बॅनर झळकला. फोटोत मी हेल्मेट घालून अंगठा दाखवतोय आणि खाली लिहिलंय, ‘ट्रायथलॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्याखाली कमिटीच्या अकरा जणांचे फोटो होते, तेही हसरे.

मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, “अहो, अजून व्हायचीय ना!”

“रविवारी बॅनरवाला बंद असतो, साहेब. आणि तुमी करनारच की. टेन्शन कशाला घेता?”

पोहणं, सायकल, धावणं यांतलं टेन्शन मला पोहण्याचंच होतं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. डॉक्टरांनी फक्त रोज चाला म्हणून सांगितलं होतं. पण आमच्याकडे नुसतं कोणी चालत नाही. आधी बूट येतात, मग घड्याळ, मग ग्रुप. ग्रुपने मला खारघरच्या चढावर सायकल दामटायला लावली आणि शेवटी क्लबच्या तलावात ढकललं. तिथे तळाला निळी रेघ असते. तिच्यावरून मी सरळ जायला शिकलो.

माझा बाप मात्र जन्मभर खाडीत मासे मारत आला. मी साहेब व्हावं म्हणून आईने मला पाण्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. म्हणजे खाडीकाठच्या कोळ्याचा मुलगा पंचेचाळिशीनंतर चष्मा लावून पोहायला शिकला. सोसायटी काय म्हणेल याची मला फार फिकीर नव्हती. बापासमोर पाण्यात हरायची मात्र लाज वाटत होती.

आदल्या दिवशी सोसायटीपासून दहा मिनिटांवरच्या गावठाणातल्या घरी गेलो. बापाने विचारलं, “त्या टायमाला पानी कसं असंल?”

“बाबा, सगळं मोजून ठेवलेलं असतं. वळायच्या जागी पाण्यात मोठा फुगा असतो, बोटी असतात, कोच असतो.”

त्याने बोटांवर तिथी मोजली. ओहोटीला तो सुकती म्हणतो. “सुकती असंल. फुग्याकरं तोंड करून पवू नको. पानी जिकरं नेतंय त्याच्या उलट्या अंगाला तोंड ठेव, मंग नीट फुग्याशी पोचशील.”

मी “हो, हो” म्हटलं. माझ्या घड्याळात हृदयाचे ठोके, झोप, सगळं दिसत होतं. सुकती कुठेच दिसत नव्हती.

स्पर्धा उरणच्या बाजूला किनाऱ्यावर होती. शिट्टी वाजली आणि मी पाण्यातल्या नारिंगी फुग्याकडे नाक करून निघालो. डोकं वर काढावं तर फुगा आणखी डावीकडे गेलेला. खाली निळी रेघ नव्हती, नुसता गढूळ अंधार होता. बापाचं म्हणणं आठवलं तेव्हा हातात जोरच उरला नव्हता. मी घाबरलो, सरळ सांगायचं तर रडकुंडीला आलो.

शेवटी सुरक्षेच्या बोटीवरच्या माणसाने मला काखेत हात घालून वर ओढलं. वेळ संपली होती. माझी सायकल तिकडे काठावर हवा भरून तशीच उभी राहिली. बोटवाला बापाच्याच वयाचा, बोलीही तीच. “कुठल्या गावचा रं तू?” त्याने विचारलं.

“पुण्याचा,” मी म्हणालो.

संध्याकाळी सोसायटीत सत्कार झालाच. शाल, श्रीफळ, माइक. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून बाप बसला होता. मी मनाशी ठरवून सांगितलं, “माफ करा, मी स्पर्धा पूर्ण केली नाही. पोहतानाच मला बाहेर काढलं.”

मग टाळ्यांचा कडकडाट. “बघा, किती नम्र मानूस!” सेक्रेटरी म्हणाले. कमिटीच्या एका बाईंनी तर डोळे पुसले. बॅनर आणखी आठवडाभर ठेवायचं एकमताने ठरलं.

आठवड्याने गावठाणात गेलो तर अंगणात तोच बॅनर पसरलेला. बापाने तो सेक्रेटरींकडून मागून आणला होता आणि त्यावर जवळा वाळत घातला होता. ती बारीक कोळंबी माझ्या हेल्मेटवर, अंगठ्यावर, कमिटीच्या अकराही जणांवर सारखी पसरली होती. मला हसू आलं. मी शेजारी उकिडवा बसलो आणि बापाबरोबर जवळा हलवू लागलो.

“तुला वर घेतला तो बोटवाला मना बंदरावर भेटलेला,” बाप म्हणाला. “आमी दोगं एकाच होरीवर मासं मारत होतो, पंधरा वर्सं.”

माझा हात थांबला.

“सांगत होता, पुन्याचा एक मानूस वाहत आलता, पन तोंड हुबेहूब माज्यासारखं.” तो जवळा हलवतच राहिला. “हरलास त्याचं काय नाय. मी पन लयदा वाहत गेलोय. पन गाव इचारलं तं आपलं सांगायचं ना रं.”