कसरीने लावलेला क्रम

माझा दादा एका जुन्या धर्मसंस्थेच्या ग्रंथालयात सहायक अभिलेखपाल आहे. त्यातला ‘सहायक’ हा शब्द त्याला असा चिकटलाय की आता आडनावासारखाच वाटतो. मुख्य अभिलेखपाल आले आणि गेले. कुठल्या कपाटाचं दार आधी वर उचलून मग ओढायचं, हे प्रत्येक नव्या साहेबाला दादानेच शिकवलं, आणि शिकून झाल्यावर प्रत्येकाने दादालाच कामाला लावलं. दादा कुरकुरत नाही. त्याच्या वाटची कुरकूर मी करते.

मी रफूचं काम करते. संस्थेचे पडदे, आसनांवरची कापडं, ग्रंथांवर घालायची जुनी आच्छादनं, सगळं माझ्याकडे येतं. त्यामुळे ते ग्रंथालय मला आतून-बाहेरून ठाऊक आहे. खिडक्या उंच, उजेड बेताचा, आणि फरशी इतकी गार की दादा दोन मोजे एकावर एक चढवून बसतो. त्याचं टेबल एका खांबाच्या मागे आहे. कुणी आत डोकावलं तर आधी खांब दिसतो, मग दादा. बऱ्याच जणांना खांब दिसला की पुरतं.

या टेबलावर त्याने त्याच्या उमेदीची वर्षं एका ग्रंथापायी घालवली. ग्रंथ प्रार्थनांचा, जुन्या भाषेतला. ती भाषा आता संस्थेतही फार कुणाला येत नाही. एका पानावर एक प्रार्थना, आणि लिहिणाऱ्याने पानांना आकडेच घातलेले नाहीत. त्या काळी क्रम सगळ्यांना पाठ असणार. पुढे केव्हातरी छत गळलं, फळी कोसळली, शिवण उसवली आणि पानं विखुरली. कुणीतरी भक्तिभावाने ती गोळा करून फडक्यात बांधून ठेवली. दादाच्या हाती आलं ते हे गाठोडं.

क्रम लावायचा कसा? प्रत्येक प्रार्थना आपल्या जागी पूर्ण, मागच्या-पुढच्याशी देणंघेणं नाही. दादाने वाट काढली ती कसरीची. ग्रंथ धड होता तेव्हाच त्याला कसर लागली होती. अळी पोखरत जाते ती एका पानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. म्हणजे लगतच्या पानांवरची भोकं एकमेकांसमोर येणार, जराशी सरकत, जराशी रुंदावत. भोकाला भोक जुळलं की पानाला पान जुळलं.

पवित्र पानांवर खूण करायची नाही असा नियम. म्हणून दादा प्रत्येक पानावर ट्रेसिंग पेपर धरून भोकं उतरवून घ्यायचा, कोपऱ्यात प्रार्थनेची पहिली ओळ लिहायचा आणि ते कागद घरी आणायचा. जेवणाच्या टेबलावर ते पसरलेले असत, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. वहिनी म्हणायची, “लोक किडे मारायला औषध आणतात. आमच्याकडे किड्यांची अक्षरं गिरवतात.” दादा हसायचा आणि आमटी कागदापासून लांब ठेवायचा.

मी त्याला खूप बोलले आहे. कुणी विचारत नाही, बढती नाही, डोळे चालले, पाठ गेली, कशासाठी? तो एवढंच म्हणायचा, “अगं, कुणीतरी त्या एका ओळीत मांडल्या होत्या. जन्मापासून मरणापर्यंत. ती ओळ परत लागली पाहिजे.”

आणि ती लागली. शेवटचं पान बसलं त्या दिवशी तो घरी आला आणि नुसताच खुर्चीवर बसून राहिला. मग म्हणाला, “झालं.” ग्रंथालयात पानं ओळीने ट्रेमध्ये ठेवली होती, मध्ये कोऱ्या कागदांच्या पट्ट्या. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “छान छान. मांडू कधीतरी बैठकीत.”

ती बैठक काही भरली नाही. दादाची पाठ मात्र भरली, आणि तो अंथरुणाला खिळला. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, तसं नेमकं तेव्हाच एका वृद्ध देणगीदाराने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ ग्रंथाच्या दुरुस्तीचा खर्च उचलला. साहेबांनी उत्साहाच्या भरात ट्रे रिकामे करून पानं दुरुस्तीला पाठवली. पट्ट्या कचरा म्हणून काढून टाकल्या. दुरुस्तीवाल्यांनी पानं धुतली, वाळवली आणि कागदाच्या लगद्याने एकूण एक भोक बुजवलं. मग आकाराने लहानमोठी लावून, जाडजूड चामड्यात बांधून परत दिली.

दादा कामावर परतला त्या दिवशी मी तिथेच होते, शिडीवर चढून पडद्याची कड शिवत. त्याने ग्रंथ उघडला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. भोकं बुजवणं हा माझा धंदा आहे, आणि काम सुरेख होतं हे मला शिडीवरूनही कळत होतं. त्या सुरेख कामाचा मला असा संताप आला की सुई बोटात गेली.

साहेब हसतमुखाने आले. “काय, नवंकोरं दिसतंय की नाही?”

“साहेब, क्रम चुकलाय. सगळाच.”

“कशावरून?”

“भोकांवरून.”

साहेबांनी ग्रंथावर वाकून पाहिलं. “कुठायत भोकं?”

दादाने बुजवलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “पानं सुटी करून उजेडासमोर धरली तर बुजवलेलं दिसेल. आणि माझ्याकडे ट्रेसिंग आहेत सगळ्यांची.”

“ती तुम्ही काढलेली. उद्या मी काढीन दुसरी.” साहेब वाईट माणूस नाहीत, हेच तर दुखणं आहे. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. “अहो, प्रार्थना ती प्रार्थना. आधी काय, नंतर काय, देवाला सगळं पोचतं. आता कार्यक्रम तोंडावर आलाय. बांधणी उसवायची म्हणजे कारण सांगावं लागेल, आणि विश्वस्त माझी सालटी काढतील. नंतर बघू.”

मी शिडीवरूनच म्हटलं, “नंतर म्हणजे कधी?”

“तुम्ही पडद्याचं बघा हो,” साहेब म्हणाले.

दादाने विश्वस्तांना गाठलं, धर्मगुरूंना गाठलं. पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येक जण त्याचं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी पाठ कशी आहे म्हणून विचारायचा. घरी आला की तो ताट समोर घेऊन नुसता भात चिवडत बसायचा. त्याची ओळ एवढ्यासाठी मोडली होती की कुणाला तरी ग्रंथाचं भलं करायचं होतं, आणि शिवी घालायची तरी कुणाला?

कार्यक्रमाला खुर्च्या भराव्यात म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. मी आणि वहिनी मागच्या रांगेत बसलो. देणगीदार आजोबा चाकाच्या खुर्चीत, अंगावर जरा मोठा झालेला कोट. त्यांच्या हस्ते ग्रंथ उघडायचा होता. त्यांनी पहिलं पान उलटलं आणि धर्मगुरूंनी ते मोठ्याने वाचलं. वाचता त्यांना येतं. कळतं किती, ते देव जाणे. सभागृहाने डोळे मिटून ऐकलं. मी दादाकडे पाहिलं. तो भिंतीशी उभा होता आणि त्याने एकदम खालचा ओठ दातांखाली धरला.

आजोबा म्हणाले, “फार गोड आहे हो. अर्थ काय याचा?”

धर्मगुरूंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी दादाकडे. “आमचे सहायक सांगतील.”

दादा पुढे गेला. ते पहिलं पान खरं तर शेवटचं होतं. माणूस गेल्यावर म्हणायची प्रार्थना. दादाने ती मला कितीदा तरी म्हणून दाखवून समजावली होती, म्हणून आजोबांच्या तोंडून ‘अर्थ काय’ निघाल्याबरोबर मी खुर्चीत पुढे सरकले. आता सांग, मी मनात म्हणत होते, भर सभेत सांग. मंगल कार्यक्रमात पहिलंच पान मरणाचं निघालं म्हटल्यावर बांधणी उसवावीच लागेल. दादाच्याही मनात तेच असणार. त्याने घसा खाकरला.

“ही मृतांसाठीची प्रार्थना आहे,” तो म्हणाला. साहेबांनी डोळे मिटले. “अर्थ असा: तू उंबरठा ओलांडलास, आता मागे पाहू नकोस. हा दिवा आम्ही आमच्यासाठी लावलाय. तुझ्या वाटेवर उजेडच आहे. तू उठलीस ती जागा आम्ही झाडून ठेवू. तिथे कुणाला बसवणार नाही.” मग तो थांबला. “ही खरं म्हणजे सगळ्यात शेवटी—”

आजोबांनी त्याचा हात धरला होता. ते रडत होते, अगदी उघड, लहान मुलासारखे. “तिची खुर्ची मी अजून तशीच ठेवलीय,” ते म्हणाले. “घरचे म्हणतात काढा. तुम्हाला कसं कळलं, हेच पान पहिलं हवं म्हणून?”

दादाने उघड्या पानाकडे पाहिलं.

“हे पान इथून कधी हलवू नका. मला शब्द द्या.”

सगळं सभागृह दादाकडे बघत होतं. मी खुर्चीची कड घट्ट धरली. नाही म्हण, दादा. तुझी सगळी वर्षं आहेत त्यात.

“नाही हलवणार,” दादा म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खरं बोलायला गेला आणि त्याच खऱ्याने ग्रंथ कायमचा चुकीचा करून ठेवला. विश्वस्तांनी लगेच ठराव केला: ग्रंथ आहे त्या क्रमाने राहील. साहेब प्रत्येकाला सांगत होते, “बघा, देवानेच क्रम लावला.” मी घरी येईपर्यंत दादाशी बोलले नाही. आल्यावर मात्र तोंड सोडलं.

“खोटं बोलायचं होतंस! नाहीतर पुरतं खरं बोलायचं होतंस! हे अर्धंमुर्धं कशाला?”

“त्यांचा हात थरथरत होता गं,” तो म्हणाला. मग कपाटातून सगळे ट्रेसिंग पेपर काढून माझ्यासमोर ठेवले. “शिवून देशील?”

मी शिवून दिले. जन्मभर भोकं बुजवली आणि नुसत्या भोकांचं पुस्तक पहिल्यांदाच शिवलं. पान उलटत गेलं की भोकं हळूहळू सरकतात, रुंदावतात, एक बंद होतं, दुसरं सुरू होतं, जन्मापासून मरणापर्यंत. दादाने ते संस्थेला द्यायला नेलं. साहेबांनी आदराने चाळलं आणि आदरानेच परत दिलं. कोपऱ्यांतल्या ओळी सोडल्या तर यात धार्मिक मजकूर नाही, म्हणाले.

आता ते आमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर असतं, फडक्यात गुंडाळलेलं. दादा दर थोड्या दिवसांनी खाली काढतो आणि त्यातल्या डांबरगोळ्या बदलतो, कसर लागू नये म्हणून.