रोह्याच्या वरातीतला आरसा

माझ्या भाच्याच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत घोडीच्या पुढे एक आरसा आहे आणि आरशाखाली दोन पाय आहेत. ते पाय माझे.

माझे वडील पेणमध्ये टांगा चालवायचे. टांगा गेला, घोड्यांचं वेड राहिलं. मी पेणलाच राहतो, नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि वरातीसाठी दोन घोड्या पाळतो, तारा आणि बिजली. शिंगरं होत्या तेव्हापासून एकत्र. एक दिसेनाशी झाली की दुसरी घामाघूम होते, खुंट्याभोवती गरगर फिरते आणि अशी खिंकाळते, की वडखळच्या नाक्यावर लोकांनी गाड्या बाजूला घ्याव्यात! म्हणून नवरा एक असला तरी मी घोड्या दोन नेतो. बिजली नुसती मागून चालते.

रोह्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा, शालूतायचा, फोन आला.

"विलास, नितूच्या वरातीला एकच घोडी आण."

"ताय, अगं, त्या दोघी..."

"दोन घोड्या बघून लोक इचारतील, दुसरा नवरा कुठाय? एकच आण! आणि मारुतीचं दर्शन करून मुहूर्ताच्या आत मांडवात पोचायचं हाय. उशीर झाला ना, तर तुझं तोंड नाय बघायची मी!"

आता आली का पंचाईत! मी ताराच्याच पाठीवरून वरात काढीन, असा शब्द नितूला तो चड्डीत असल्यापासून दिलेला.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एकीला जरा लांब न्यायचं, शांत राहिली की गूळ द्यायचा, हळूहळू वेळ वाढवायचा. सोपं होतं. ताराला कुंपणापलीकडे नेली. ती खिंकाळली. (मी जिवलग मैत्रिणींची ताटातूट करणारा राक्षस!) धावत परत आलो आणि वर तिला गूळ भरवला. मग बिजली खिंकाळली. तिलाही गूळ! काही दिवसांत दोघी शेजारी शेजारी उभ्या राहूनही बोंबलायला लागल्या.

"अवो, काय शिकवताव त्यांना?" माझी बायको सुमन ओट्यावरून ओरडली.

"रडतायत गो बिचाऱ्या."

"रडत नाय, गूळ मागतायत! रडताव तुम्हीच."

दुसऱ्या व्हिडिओत आरसा होता. घोडीला आरशात सोबतीण दिसते आणि ती शांत होते. घरात मोठा आरसा एकच, सुमनच्या ड्रेसिंग टेबलाचा, तिच्या माहेरून आलेला. बिजलीसाठी सुमन घरीच थांबणार होती. लग्नाच्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली आणि मी स्क्रू काढले. ताराने आरशावर नाक घासलं, कोपऱ्यातली सुमनची लाल टिकली स्वतःच्या नाकपुडीला चिकटवून घेतली आणि गप्प गवत खाऊ लागली. चमत्कार! आरशासकट तिला पिकअपमध्ये चढवली आणि रोहा गाठलं.

वरात निघण्यापूर्वी घरी फोन लावला. "बिजली कशी हाय?"

"चरतेय."

पुन्हा लावला. "नक्की?"

"व्हय! आणि माझा आरसा कुठाय?"

"बेंजो सुरू झाला गो, ऐकू येत नाय!" मी फोन ठेवला. (बेंजोवाला तेव्हा चहा पीत होता.)

नितू घोडीवर बसला, बेंजो वाजला आणि तारा गर्रकन वळली. आरसा पिकअपमध्येच राहिला होता!

"मामा! ही पेणला चाललीय!" नितू मुंडावळ्या सावरत किंचाळला.

मी आरसा उतरवला, उपरण्याने पाठीला बांधला आणि ताराच्या पुढे उभा राहिलो. ती मुकाट चालू लागली. पण आता नितूला स्वतःचा चेहरा दिसू लागला. तो फेटा नीट करायला घोडी थांबवी. मग करवल्या आल्या.

"मामा, जरा खाली वाका ना, केस नीट करायचेत!"

"मामा, थोडं डावीकडे!"

मागून कोणीतरी लिपस्टिक लावत होतं. वरात जागच्या जागी नटत उभी! तेवढ्यात मांडवाकडून शालूताय पदर खोचून आली.

"विलास! भटजी घड्याळ दाखवतायत रे!"

मी पळत सुटलो. दुसरं काय करणार? आरसा पळाला, म्हणून तारा पळाली, तारावर नितू उसळू लागला, मागून करवल्या आणि त्यांच्या मागून बेंजो! मारुतीला नितूने घोडीवरूनच, उसळता उसळता, नमस्कार केला. भटजींनी मंगलाष्टकांसाठी घसा खाकरला त्याच क्षणी आम्ही मांडवात शिरलो. तायने नितूकडे पाहिलंच नाही. माझं तोंड बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

रात्री सुमनने आरसा पुसला, आधी टिकल्या मोजल्या आणि मग मला म्हणाली, "बिजली दिवसभरात एकदा वरडली नाय. तुम्ही नव्हतात ना!"

पुढची वरात वडखळची होती. सुमनने निकाल दिला, "ताराला मी नेते. तुम्ही घरी थांबा."

पिकअप वळणावर दिसेनासा झाला. आतून तारा खिंकाळली नाही. बिजलीने मान वर केली आणि पुन्हा गवतात घातली. मी मात्र कुंपणापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो, घाम पुसला, सुमनला फोन लावला. तिने उचलला नाही.

जाताना तिने माझ्या हातात काहीतरी कोंबलं होतं, ते आठवलं. मूठ उघडली. गुळाचा खडा.

खाल्ला. खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं!