कुनाचा फोन हाय रं?

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मी आजही हसते. त्यात माझा धंदा असा, की बावधनला आमचा एसटीडी बूथ होता. काचेच्या केबिनमध्ये शिरून माणसं काय काय थापा मारतात ते रोज कानावर पडायचं. लाईनवरची खरखर, क्रॉस कनेक्शन, आपलाच आवाज मागाहून ऐकू येणं... सगळं पाहून झालेलं. तेव्हा "तुम्हाला भास झाला असेल" असं कृपा करून कुणी लिहू नका.

गोष्ट २००५ सालची. माझं माहेर लवळ्याचं, मुळशी तालुका. आई आमच्या लहानपणीच गेली होती आणि आबा, म्हणजे माझे वडील, आदल्या वर्षी गेले. घरात माझा धाकटा भाऊ दत्ता आणि त्याची बायको मंगल. घरात लँडलाईन, आणि त्या फोनचा आबांनी घालून दिलेला एक नियम होता. आबा कायम बाहेर गोठ्याजवळ बाजेवर बसलेले असायचे. फोन उचलला रे उचलला की तिथूनच ओरडायचे, "कुनाचा फोन हाय रं?" उचलणाऱ्याने आधी मोठ्याने नाव सांगायचं, मग पुढचं बोलायचं. माझा फोन असला की "दे हिकडं" म्हणत गुडघे धरून उठायचे, आत यायचे, दत्ताच्या हातून रिसीव्हर घ्यायचे आणि एकच विचारायचे, "जेवलीस का?" मी "जेवले, आबा" म्हटलं की रिसीव्हर परत दत्ताकडे. बस्स, एवढंच बोलणं.

आबा गेले आणि आमच्याकडच्या जमिनींना भाव आला. रीत अशी की भावाने बहिणीला जेवायला बोलवायचं, साडी नेसवायची आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची. सही न करणारीचं माहेर तुटलं असं समजायचं. मी सही करायला तयार होते, फक्त विहिरीकडचा तुकडा सोडून. तो आबांनी आम्हा दोघांना समोर बसवून मला दिला होता. पण तोंडी. दत्ता फोनवर हे कबूल करायचा, आणि भावकी जमली की "आबा असं कवाच बोललं न्हाईत" म्हणून मोकळा व्हायचा. म्हटलं थांब, तुझंच बोलणं तुला चारचौघांत ऐकवते.

आमच्या ह्यांनी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून रिसीव्हरला चिकटवायची रबरी चकती आणली. तिची वायर टेपरेकॉर्डरला जोडली की दोन्हीकडचं बोलणं कॅसेटवर उतरायचं. दुपारी बूथवर गिऱ्हाईक नसताना मी लवळ्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, "दत्ता, विहिरीकडचा तुकडा कुणाचा?"

"तुजाच हाय गं आक्का. आबा माज्यासमोरच बोललं व्हतं. पन घेनाऱ्याला सगळी जमीन एकत्र पायजे. तू सई कर, मग बगू आपन."

झालं माझं काम. खुशीत कॅसेट मागे घेतली आणि लावली. दत्ताचा "हॅलो" आला. त्याच्यामागे, लांबून, गोठ्याच्या अंतरावरून आवाज आला, "कुनाचा फोन हाय रं?"

आणि लगेच दत्ताचा, हाताने रिसीव्हर झाकून दबक्या आवाजात बोलावं तसा, "कुनाचा न्हाई आबा. राँग नंबर."

पुढे सगळं आमचं बोलणं, जसंच्या तसं. पण मधलं हे फोनवर असताना मी ऐकलं नव्हतं. "हॅलो"नंतर मी लगेच बोलायला लागले होते, मध्ये जागाच नव्हती. कॅसेटवर मात्र ती होती.

भीती वाटली नाही असं नाही, पण त्याच्या आधी राग आला. मी राँग नंबर?

हे म्हणाले, "जुनी कॅसेट असेल, खाली काहीतरी राहिलं असेल." मी नवी कोरी कॅसेट आणली आणि पुन्हा फोन केला. तेच. मग ह्यांच्या ऑफिसातल्या एकाचा मोबाईल मागून आणला. त्यात रेकॉर्डिंगची सोय होती, मधूनमधून टीं असा आवाज यायचा. त्यावरून लवळ्याच्या घरी फोन केला. टीं, टीं, आणि मध्ये आबा. एकदा दत्ता चांदणी चौकात होता, तेव्हा त्याच्या मोबाईलवर केला. तिथे नुसते ट्रकचे हॉर्न. म्हणजे आबा फक्त घरच्या फोनवर होते, आणि दत्ता दरवेळी त्यांना तेच सांगत होता. आमचे हे त्यानंतर म्हणाले, "सोड ना तो तुकडा." मी म्हटलं, "आता तर मुळीच नाही."

रविवारी टेप पिशवीत घालून लवळ्याला गेले. भावकीला बोलावणार होते, पण नाही बोलावलं. दत्ता आणि मंगल दोघांनाच समोर बसवलं आणि बटण दाबलं. आबांचा आवाज आला तशी मंगल उठून दाराशी गेली. बाहेर बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती. दत्ता बसल्या जागी पांढरा पडला.

"मी असं बोललो न्हाई, आक्का. आईशप्पत."

"आवाज तुझा आहे."

"आवाज माजाच हाय. पन मी बोललो न्हाई."

त्याने डोकं धरलं. म्हणाला, "पर मनात व्हतं खरं. तू जमिनीत मदी येऊच नये, असं लई वाटायचं." टेप उचलली आणि चहा न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन लावला. चकती लावूनच. सोक्षमोक्ष लागेपर्यंत मी सोडणार नव्हते. दत्ताने उचलला. माझा आवाज ऐकला आणि अंगणाकडे तोंड फिरवल्यासारखा, जरा लांबून, मोठ्याने म्हणाला, "आबा, आक्काचा फोन हाय." मग मला, "विहिरीकडचं राहू दे तुज्या नावावर. तेवडं सोडून बाकीच्याला सई दे."

तो तुकडा आज माझ्या नावावर आहे. माहेर तुटलं नाही. अजूनही घरचा फोन उचलला की दत्ता आधी मोठ्याने नाव सांगतो. बाजेवर कुणी नसतं तरी सांगतो, आणि मंगल त्याला हसत नाही.

हे सगळं कसं झालं ते मला आजही कळलेलं नाही. फोन दुरुस्त करणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं, त्यांनी विषय बदलला. त्या शेवटच्या फोननंतर कितीही रेकॉर्डिंग केलं तरी आबांचा आवाज कधी आला नाही.

पण त्या फोनची कॅसेट माझ्याकडे आहे. त्यात दत्ता म्हणतो, "आबा, आक्काचा फोन हाय." मग लांबून येतं, "दे हिकडं." सावकाश चालत आल्याचा आवाज, रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना होते ती खुडबूड, आणि कुणीतरी दम घेतंय... पुढे काही नाही. नुसती टेप फिरते.

त्या दुपारी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा बूथमध्ये एकटीच होते. टेपजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "जेवले, आबा."