त्यांची मंडळी

तो माणूस आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा आला, त्या रविवारी मी त्याला पर्यटक समजले. लोणावळ्यात सुट्टीच्या दिवशी कुणीही कुठेही शिरतं. पण पर्यटक दोन मिनिटं उभे राहतात, छताकडे बघतात आणि निघून जातात. हा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला आणि उपासना संपत येईपर्यंत हलला नाही. सत्तरीच्या आसपासचा, रापलेला चेहरा, पांढरा सदरा-लेंगा, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. चपला बाहेर काढून आला होता. आमच्यात कुणी चपला काढत नाही. गाणी सुरू झाली तरी त्यानं तोंड उघडलं नाही. खिशातून छोटी वही काढून तो काहीतरी लिहीत होता.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी तीच जागा आणि तीच वही. शेवटच्या आशीर्वादाआधीच तो उठून जायचा, त्यामुळे दारात गाठून त्याला विचारायची सोय नव्हती.

मी आमच्या चर्चच्या मंडळीची चिटणीस. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं. त्याआधी कितीतरी वर्षं ते माझ्या वडिलांकडे होतं. आमची मंडळी लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. रेल्वेत लागलेल्या माणसांची ही घरं, दुसरी-तिसरी पिढी. आमच्या पंचांमध्ये सर्वांत वडीलधारे म्हणजे निवृत्त रेल्वे गार्ड. सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा माणूस आपणहून आलेला नाही, कुणीतरी पाठवलेला आहे.

त्या दिवसांत मोबाइलवर व्हिडिओ फिरायचे. कुठे प्रार्थना बंद पाडली, कुठे चर्चच्या पाळकाला गावाबाहेर काढलं. खरे किती, खोटे किती, कुणाला माहीत. पण पाहिले की मी चर्चच्या फाटकाची कडी पुन्हा तपासायचे. गार्डसाहेबांचं म्हणणं मला पटलं. खरं तर त्यांनी सांगायच्या आधीच मला ते पटलेलं होतं.

मग मी माझ्या परीनं बंदोबस्त सुरू केला. मागच्या टेबलावर सभासदांची फोन नंबरांची यादी असायची, ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत नावं मोठ्यानं घेऊ नयेत असं आमच्या पाळकांना सुचवलं. पाळक तरुण आहेत, आमच्याकडे येऊन वर्षच झालं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यांना चहा तरी विचारलात का कुणी?" मी म्हटलं, तो थांबतच नाही. हे खरं होतं, पण मी उठून त्याच्यापाशी गेलेही नव्हते.

एका रविवारी मी वेदीवरच्या फुलांचा फोटो काढते असं दाखवून मोबाइल वळवला आणि त्याचा फोटो काढला. त्याला ते कळलं असावं. त्यानं घाईनं टोपी डोक्यावर घातली, मग काढली, मग ती हातात नुसतीच फिरवत राहिला. तो फोटो मी गार्डसाहेबांना पाठवला. त्यांनी तो मंडळीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, सावध राहा. संध्याकाळपर्यंत कुणाला तो कामशेतच्या बाजारात एका पुढाऱ्याच्या गाडीजवळ दिसल्याचं आठवलं. दुसऱ्या कुणी लिहिलं की वहीत तो गाड्यांचे नंबर टिपतो. विचारलं कुणीच नव्हतं, पण आमच्याकडे पुरावे जमत गेले.

पुढच्या रविवारी पाळकांनी परक्याला घरात घेण्याविषयी उपदेश केला. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होते आणि कान मागे लावून बसले होते. बाक वाजला तशी मी उठले आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले. फाटकापाशी त्याला गाठलं. रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या एकाला एक लागून उभ्या होत्या, हॉर्न वाजत होते. मी विचारलं, तुम्ही वहीत काय लिहिता?

त्यानं वही माझ्या हातात दिली.

प्रत्येक पानावर वर आकडे होते. ते आकडे मी लगेच ओळखले, आमच्या फळ्यावर त्या दिवशी लावलेल्या गीतांचे क्रमांक होते. खाली शास्त्रवाचनाचा अध्याय. इथवर ठीक होतं. पण त्याखाली वेगळंच होतं. 'बायामानसं जास्त, बापे कमी.' 'डाव्या खिडकीची काच नवी.' 'पेटी न्हाई, मशीन हाय.' 'फुडं चष्म्याची बाई.' चष्म्याची बाई मीच.

"हे कुणासाठी लिहिता?" मी विचारलं.

"मंडळीसाठी."

"कुठली मंडळी? कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"मंडळीनंच धाडलंय," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला काहीतरी उमगलं असावं. "माजी मंडळी, बाई. आमच्या घरातली. बायको."

मी वही धरून तशीच उभी राहिले. त्याला गाडीची घाई होती तरी त्यानं थोडक्यात सांगितलं. गाव बेडशाच्या लेण्यांखालचं. घरी दोघंच. भात कापायच्या दिवसांत बायको गोठ्यात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. ती लहानपणापासून याच चर्चमधली. पेटी वाजवायची. त्याच्याशी लग्न केलं म्हणून तिचं नाव इथून काढून टाकलं आणि तेव्हापासून ती इथे आली नाही. आता पडल्यापडल्या रविवार आला की तिला चैन पडेना. म्हणून तो येतो. इथे कुठली गाणी झाली ते लिहून नेतो. घरी तिच्याकडे जुनं पुस्तक आहे, त्यातून ती तीच गाणी त्याच क्रमानं म्हणते. "मला सूर कळत न्हाई," तो म्हणाला, "म्हनून नंबर नेतो. बाकी ती ईचारती, काच कशी हाय, कोन कोन हाय, त्ये लिवतो." शेजारची सून एक वाजेपर्यंतच तिच्यापाशी बसते, म्हणून त्याला लवकर निघावं लागतं.

त्यानं वही घेतली आणि स्टेशनच्या दिशेनं गेला. मला वाटलं होतं त्या क्षणी मला लाज वाटेल. वाटली नाही. मी मनात म्हणत होते, गोष्ट चांगली रचली आहे.

म्हणून मी कपाट उघडलं. वडिलांच्या वेळचं मंडळीचं दप्तर खालच्या कप्प्यात होतं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. शोधायला अर्धा तास लागला. एका नावावर आडवी रेघ होती आणि समोर माझ्या वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं, बाहेर लग्न केल्यामुळे नाव कमी केले. ते नाव वाचल्यावर मला पेटीवरची बोटं आठवली. मी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेन. रविवारच्या शब्बाथशाळेत एक लांब वेणीची ताई आम्हाला गाणी शिकवायची. ती मग यायची बंद झाली. घरी विचारलं तर आईनं विषय बदलला होता.

मी हे पाळकांना सांगितलं आणि पंचांची बैठक झाली. पाळक म्हणाले, मी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन तिच्या घरी जाणार. गार्डसाहेबांनी विरोध केला. त्यांच्या मते बाहेर लग्न केल्याची चूक तिनं अजून कबूल केलेली नव्हती, आणि नियम एकासाठी सैल केला की सगळ्यांसाठी होतो. दुसरं म्हणजे, हिंदू गावात, हिंदू घरात पाळक पिशवीतून भाकर आणि प्याला घेऊन गेला, तर लोक काय म्हणतील हे सांगायला नको. हा दुसरा मुद्दा खोटा नव्हता. पाळकांनी विचारलं, माझ्याबरोबर कोण येईल? मी म्हटलं, मी येते. सगळ्यांना वाटलं मला पाझर फुटला. तसं नव्हतं. ती बाई खरंच आहे की नाही, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बुधवारी दुपारी आम्ही पाळकांच्या स्कूटरवर निघालो. कामशेतहून आत वळल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं कोरडी पडली होती. घर सापडायला वेळ लागला नाही, निरोप मिळाला होता म्हणून वहीवाले भाऊ वाटेवरच उभे होते. मनातल्या मनात मी त्यांना पहिल्यांदाच भाऊ म्हटलं.

ती ओसरीत खाटेवर होती. वेणी राहिली नव्हती, केस बारीक कापलेले. उशाशी मोठ्या रुमालात गुंडाळलेलं पुस्तक. भाऊंनी आमच्यासाठी सतरंजी टाकली. पाळकांनी जय ख्रिस्त म्हटलं, तिनंही म्हटलं, पण हात पुढे केला नाही. माझ्याकडे बराच वेळ बघून तिनं विचारलं की तू चिटणिसांची मुलगी का. मी हो म्हटलं.

"बघायला आलीस का न्यायला?" तिनं विचारलं. तिचं बोलणं निम्मं गावचं, निम्मं आमच्याकडचं होतं.

मी घरून ठरवून आलेलं बोलून टाकलं, की वडिलांच्या हातून चूक झाली आणि त्यांच्या वतीनं मी क्षमा मागते. बोलताना मला स्वतःचं बोलणं बरं वाटत होतं.

तिनं मान हलवली. "त्यांचं राहू दे. ते गेले. त्यांना वाटलं ते त्यांनी केलं, रेघ मारली ती उघड, नाव घेऊन मारली. माझ्या माणसाचा फोटो कशाला काढला, ते सांग."

पाळक माझ्याकडे बघायला लागले. फोटो ग्रुपवर कुणी टाकला ते त्यांना माहीत होतं, काढला कुणी ते नव्हतं. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"तो घरी येऊन म्हणाला, चष्म्याच्या बाईनं आपला फोटो काढला," ती म्हणाली. "तेव्हापासून मला झोप नाही. मला वाटलं, तुम्ही पोलिसात दिला. मी त्याला म्हटलं, जाऊ नको. तो म्हणाला, पुढच्या रविवारी न्हाई गेलो तर चोर ठरतो."

भाऊ दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होते. मी सांगितलं, सगळं. यादी लपवली ते, गार्डसाहेबांना फोटो पाठवला ते, लोकांनी काय काय लिहिलं ते, आणि मी एकालाही थांबवलं नाही ते. दप्तर बघितलं तेही विश्वास नव्हता म्हणून, आणि आज आले तीही तू आहेस की नाही ते बघायला. शेवटी भाऊंकडे वळून मी म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं."

ते म्हणाले, "चालतंय, बाई." पण नजर जमिनीवरून उचलली नाही.

तिनं पाळकांना सांगितलं, मला टेकवून बसवा. भाऊंनी आणि मी मिळून तिला बसवलं. पाळकांनी पिशवीतून पांढरं फडकं काढून स्टुलावर अंथरलं, भाकर मोडली, लहान प्याल्यात द्राक्षरस ओतला. तिनं दोन्ही हातांनी खाटेची कड धरली होती म्हणून प्याला मी धरला.

तेवढ्यात अंगणात माणसं जमली. चार-पाच असतील. भाऊंचा चुलतभाऊ पुढे होता, पन्नाशीतला, तब्येतीनं दांडगा. तो ओसरीच्या पायरीवर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "ह्ये काय चाललंय? त्यात काय पाजताय तिला?" गार्डसाहेब म्हणाले होते तसंच होतंय, असं माझ्या मनात आलं. पाळक उठायला लागले.

भाऊंनी त्यांना हातानं खाली बसवलं आणि स्वतः पायरीपाशी गेले. "तिच्या म्हायेरची मानसं हायेत," ते म्हणाले. "म्हायेरचं खायला आनलंय. लय वर्सांनी आलंय, खाऊ दे."

चुलतभावाला ते पटलं असं दिसलं नाही. तुम्ही कुठले, परत कधी येणार, आणखी कुणाकुणाच्या घरी जाणार, असं सगळं त्यानं विचारलं. पाळकांनी प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं आणि म्हणाले की दुसऱ्या कुणाच्या घरी जायचं नाही, इथेच महिन्यातून एकदा येऊ. आम्ही निघेपर्यंत तो स्कूटरपाशी उभा होता.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की तो फोटो मी काढला होता, त्या माणसाविषयी जे पसरलं ते खोटं आहे आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. दोघांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. बाकी कुणी काही लिहिलं नाही. गार्डसाहेब ग्रुपमधून बाहेर पडले. ते चर्चला येतात, माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते आम्ही मंडळीला उघड्यावर आणलं आहे. काहीच होणार नाही, असं त्यांना छातीवर हात ठेवून मला आजही सांगता येणार नाही. तिचं नाव दप्तरात पुन्हा चढवायचं दोन बैठकांमध्ये ठरलं नाही, तिसऱ्या बैठकीत एका मताच्या फरकानं ठरलं.

आता ती चार पायांची काठी धरून ओसरीत चार पावलं टाकते. लोणावळ्यापर्यंत यायला तिला अजून वेळ लागेल, म्हणून आम्हीच जातो. आम्ही पोचायच्या आत चुलतभाऊ पायरीवर येऊन बसलेला असतो. भाकर मोडताना तो रोखून बघतो. पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली, मग राग आला. पण त्याचं ते बघणं मला ओळखीचं आहे, मी कित्येक रविवार तसंच बघत होते. गेल्या खेपेला भाऊ रानातून यायचे होते, तर त्यानंच चूल पेटवून चहा केला. कप आमच्या हातात दिले आणि आम्ही ते पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिला.