ड्युएटवाल्या ताई

"मी आहो ना!" म्हणत त्या पर्स खुर्चीवर ठेवून उठायच्या, कुणी हाक मारायच्या आधीच. स्टेजवर एखादा गृहस्थ माइक धरून इकडेतिकडे बघायला लागला की समजायचं, याला ड्युएट म्हणायचंय आणि जोडीला बाई नाही. तोवर ताई पायऱ्या चढून त्याच्या शेजारी उभ्या.

आमचा कराओके क्लब मानेवाड्याला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी भरतो. नागपुरात असे क्लब आता गल्लोगल्ली झाले आहेत. तुमच्याही घराजवळ एखादा असेल आणि तुम्ही खिडकी लावून घेत असाल. बहुतेक सगळे रिटायर्ड. जन्मभर फायली नाहीतर शाळेतली पोरं सांभाळली, आता मागे ट्रॅक वाजतो, पडद्यावर शब्द येतात आणि आम्ही हिरो होतो. आमच्या बायका येत नाहीत. माझी म्हणते, "घरी घोरणं ऐकते तेवढं पुरे." अशा आम्हा बिनजोडीच्या गायकांचा सगळा भार एकट्या ताईंवर.

त्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कळमन्याहून स्कूटीवर यायच्या, भर मे महिन्यातसुद्धा, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. आवाज काही फार मोठा नव्हता. पण ज्याची पट्टी खाली, त्याच्यासाठी त्या खाली यायच्या. कुणी ओळ चुकला तर स्वतःच अडखळल्यासारखं करायच्या, म्हणजे लोकांना वाटावं की चूक ताईंचीच. मी तर दर रविवारी दुसरं कडवं आधीच सुरू करायचो. चार वर्षांत हॉलमध्ये कुणाला पत्ता लागला नाही, आणि मी स्वतःला बरा गायक समजत राहिलो.

एकदा चहाच्या वेळी मी विचारलं, "ताई, तुम्ही एकट्या काहून नाही गात जी कधी?"

त्यांनी तळहातावरच्या शेंगदाण्यांची सालं फुंकली. "मले एकटीनं नाही जमत भाऊ. एकटी तर मी आठवडाभर राहतेच. रविवारी तरी कोणी सोबत पाहिजे."

हे त्यांनी हसत सांगितलं, म्हणून मीही हसलो. वडिलांच्या आजारपणात त्यांचं लग्न राहून गेलं होतं. पाटबंधारे खात्यातली नोकरी संपली होती, भाऊ पुण्याला स्थायिक. घरी त्या आणि टीव्ही. सोमवार ते शनिवार त्या आमची गाणी घोटून ठेवायच्या, कुणाला कुठलं लागेल काय सांगावं.

मग आमच्यातल्या एका रिटायर्ड इंजिनिअरनं नवा शोध आणला. बाईचा आवाज आधीच भरलेले ट्रॅक मिळतात म्हणे. आपण फक्त आपल्या ओळी म्हणायच्या, बाकी फोन बघून घेतो. माणूस भला, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट तो म्हणाला, "ताईले किती धावपळ होऊन राहिली! आता त्यायले आराम."

"बरं झालं भाऊ, सुटली मी," ताई म्हणाल्या.

महिन्याभरात सगळ्यांच्या फोनमध्ये ते ट्रॅक आले. आवाज गोड, कधी चुकत नाही, रजा घेत नाही. ताई पहिल्या रांगेत बसू लागल्या. ट्रॅकमधली बाई गायला लागली की त्यांचे ओठ हलायचे. हे मला स्टेजवरून स्पष्ट दिसायचं, पण गाणं सुरू असताना माणूस करणार काय.

एका रविवारी सेक्रेटरीच म्हणाले, "ताई, आज तुम्ही म्हणा." त्या उठल्या. गाणं निवडलं तेही ड्युएटच. एक माइक स्वतःकडे घेतला आणि दुसरा आमच्या दिशेनं पुढे धरला. नुसता धरला. आम्ही पंधरावीस पुरुष, जो तो शेजाऱ्याकडे बघतोय. मी खुर्चीतून अर्धा उठलोही होतो, तेवढ्यात इंजिनिअर ओरडला, "थांबा ताई! माणसाचा आवाज असलेला ट्रॅक आहे ना माह्याजवळ!"

ताईंनी दुसरा माइक टेबलावर ठेवला. त्या गायल्या, अगदी सुरात. आम्ही टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरनं तसले बरेच ट्रॅक त्यांच्या फोनमध्ये टाकून दिले, तेही प्रेमानंच.

त्यानंतर त्या क्लबात आल्या नाहीत. पहिल्या रविवारी वाटलं, ऊन असेल. मग वाटलं, गुडघे असतील. शेवटी एका रविवारी क्लब सोडून मी कळमन्याला त्यांची बिल्डिंग शोधत गेलो. म्हणणार होतो, ताई, त्या यंत्राबरोबर गाऊन माझी चूक मला दर रविवारी ऐकू येते, तुम्ही या.

जिना चढताना आतून पुरुषाचा आवाज ऐकू आला. मला बरं वाटलं, चला, ताईंकडे कुणीतरी आलंय. दारापाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं की इतकं सुरात गाणारा माणूस आमच्या ओळखीत नाही. मागे ताई गात होत्या. गाणं संपलं, आणि ताई म्हणाल्या,

"छान म्हटलं जी तुम्ही. बसा, पाणी घ्या."

आत दुसरं कुणीच बोललं नाही.

माझं बोट बेलच्या बटणावर होतं. तेवढ्यात पुढचं गाणं लागलं. ते माझ्या आवडीचं होतं, आम्ही दोघांनी कितीदा म्हटलेलं. मी पायरीवर बसलो. माझी ओळ आली तशी हळूच म्हटली, या वेळी अगदी वेळेवर. पण आत ती ओळ दुसराच कुणी म्हणत होता, आणि ताई त्याला साथ देत होत्या.